लघुग्रहाची माती

ढाला येथील विवर

जुन्या झाशीतील बडा बाजार ज्या भूमीवर वसला आहे, तिच्या तळाशी बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट आहे. झाशीचा किल्लाही याच खडकाच्या टेकडीवर उभा आहे. या ग्रॅनाइटचे वय सुमारे २५० कोटी वर्षे मानले जाते. म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याच्या निम्म्याहून अधिक काळ तो अस्तित्वात आहे. इतक्या जुन्या व स्थिर भूमीवर एखादा मोठा आघात झाला, तर त्याची खूण दीर्घकाळ टिकून राहते. झाशीच्या पश्चिमेस, सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरांवर, मध्य प्रदेशाच्या शिवपुरी जिल्ह्यात ढाला नावाचे गाव आहे. त्या गावाच्या परिसरात अशी एक खूण आढळली आहे.

आज तेथे उभे राहिले असता विवर असे काही डोळ्यांना दिसत नाही. मध्यभागी सपाट माथ्याची एक टेकडी व तिच्याभोवती विखुरलेले खडक एवढेच दिसतात. परंतु तेथील खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता त्यांतील गारगोटीच्या कणांत एकमेकांना समांतर अशा अतिसूक्ष्म रेषा आढळल्या. अशा रेषा ज्वालामुखीच्या उद्रेकाने उमटत नाहीत व भूकंपानेही उमटत नाहीत; त्यांस प्रचंड वेगाच्या आघाताचाच दाब लागतो. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंतकुमार पाती व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली हा पुरावा सविस्तर मांडला. मूळ विवराचा व्यास सुमारे ११ किलोमीटर असावा आणि आघात २५० कोटी ते १७० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान केव्हातरी झाला असावा, असे अनुमान आहे.

ज्या लघुग्रहाने हे विवर खोदले, त्याचा एकही दगड मात्र ढाला येथे मिळत नाही. याचे कारण आघाताच्या वेगात आहे. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलोग्रॅम वस्तूत, तिच्या पन्नासपट वजनाच्या टी.एन.टी. या स्फोटकाइतकी ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते तेव्हा आदळणारा पिंड जवळजवळ सर्वस्वी वितळतो किंवा त्याची वाफ होते. ढाला येथील वितळून थिजलेल्या खडकांत बाहेरून आलेल्या द्रव्याचा केवळ रासायनिक लवलेश सापडला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर त्या मानाने फारच लहान व तरुण असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पण तेथेही आदळलेल्या पिंडाचा दगड हाती लागलेला नाही. विवर हे आघाताचे स्मारक होय. आदळणाऱ्या पिंडाची हकिगत त्यातून समजत नाही.

ती समजावी अशी इच्छा का होते, याचे उत्तर सोपे आहे. पृथ्वीवरील आद्य खडक वारा, पाणी व भूगर्भातील हालचाली यांमुळे केव्हाच नष्ट झाले. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये फिरणारे असंख्य लघुग्रह मात्र सूर्यमालेच्या जन्मकाळी, म्हणजे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, जे द्रव्य गोळा झाले त्याचेच अवशेष आहेत. शिवाय त्यांतील काही पिंड पृथ्वीच्या वाटेवर येतात. ढालासारखी घटना पुन्हा घडू शकते. म्हणून हे पिंड कशाचे बनले आहेत, ते भरीव आहेत की सैल, हे जाणणे माणसाच्या हिताचे आहे.

काटोल येथील अशनिपात

लहान पिंडांची गोष्ट निराळी. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल व त्याच्या आसपासच्या भागात आकाशात गडगडाट झाला आणि दगड पडले. अवकाशातून पडणाऱ्या अशा दगडास अशनी म्हणतात. वातावरणात शिरताना अशनीचा वेग प्रचंड असतो. परंतु दाट हवेच्या विरोधाने तो झपाट्याने कमी होतो आणि अखेरीस दगड उंचावरून टाकलेल्या साध्या धोंड्याप्रमाणे जमिनीवर येतो. म्हणूनच तो शिल्लक राहतो.

काटोलचा अशनी ज्या कुळातील आहे, त्यास सामान्य काँड्राइट असे नाव आहे. पृथ्वीवर पडताना पाहिल्या गेलेल्या अशनींपैकी दर पाचांतील चार याच कुळातील असतात. त्यांत मिलिमीटरभर आकाराचे खनिजगोलक असतात. सूर्यमालेच्या प्रारंभी वितळलेल्या द्रव्याचे थेंब थिजून ते बनले. काटोलच्या दगडात हे गोलक पुसट झालेले आहेत. यावरून तो दगड एखाद्या मोठ्या पिंडाच्या आत, जेथे उष्णता दीर्घकाळ कोंडून राहत होती अशा जागी, पुष्कळ काळ भाजला गेला असला पाहिजे, हे कळते.

त्याच दगडात आणखी एक गोष्ट मिळाली. खडगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे सुजॉय घोष व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली त्यातील अतिसूक्ष्म शिरांत ब्रिजमनाइट नावाचे खनिज आढळल्याचे प्रसिद्ध केले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरांच्या खाली विपुल आहे; परंतु तेथून ते जसेच्या तसे वर येऊ शकत नाही, कारण दाब उतरताच त्याची रचना मोडते. ते तयार होण्यास हवेच्या दाबाच्या सव्वादोन लाख पटींहून अधिक दाब लागतो. काटोलच्या दगडावर एवढा दाब एखाद्या जुन्या टकरीत, आणि तोही क्षणभरच, पडला असला पाहिजे. जितक्या त्वरेने तो दाब आला तितक्याच त्वरेने दगड निवला, म्हणून खनिज टिकले.

अशा प्रकारे पडलेला दगड आपल्या अंतरंगाची हकिगत चांगली सांगतो. पण त्याच्या बाहेरच्या अंगाचे काय? वातावरणातून येताना त्याचा बाहेरचा भाग वितळून उडून जातो आणि उरलेल्या भागावर काळे, काचेसारखे, मिलिमीटरहूनही पातळ असे कवच धरते. आतला भाग या काही सेकंदांत थंडच राहतो. याचा अर्थ असा की, अवकाशात असताना जो पृष्ठभाग कोट्यवधी वर्षे उघड्यावर होता, नेमका तोच पृथ्वीच्या हवेत जळून जातो. शिवाय हा दगड कोणत्या लघुग्रहापासून निघाला, त्याच्या कोणत्या बाजूस होता, वर होता की खोल, यांपैकी काहीच त्यावर लिहिलेले नसते.

पृष्ठभागावर काय लिहिले जाते

लघुग्रहावर हवा नाही, पाणी नाही. तरीही त्याचा पृष्ठभाग बदलत असतो. बदल घडवून आणणारे कारक मुख्यतः तीन आहेत.

पहिला म्हणजे सौरवात. सूर्यापासून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने विद्युत्‌भारित कण सतत वाहत असतात. हे कण दगडात शिरतात, पण फार खोल नव्हे. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या थरातच ते अडकून बसतात. म्हणून एखाद्या कणाच्या सालीत सौरवाताचे वायू सापडले, तर तो कण केव्हातरी अगदी वर, सूर्यासमोर उघडा पडला होता, हे निश्चित होते.

दुसरा कारक विश्वकिरणांचा. सूर्यमालेच्या बाहेरून येणारे हे अतिवेगवान कण दगडात सुमारे एक मीटरपर्यंत पोहोचतात. वाटेत ते सिलिकॉन, मॅग्नेशियम अशा मूलद्रव्यांचे अणुगर्भ फोडतात आणि त्यातून निऑनसारख्या निष्क्रिय वायूचे विशिष्ट समस्थानिक निर्माण होतात. ते दगडात साठत जातात. किती साठले हे मोजले आणि ते कोणत्या गतीने साठते हे माहीत असले, म्हणजे तो दगड पृष्ठभागापासून एका मीटरच्या आत किती काळ होता याचा हिशेब करता येतो. रांजणात थेंब थेंब पाणी पडत असेल, तर भरलेल्या पाण्यावरून गेलेला वेळ काढावा, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा कारक सूक्ष्म अशनींचा वर्षाव. वाळूच्या कणाहूनही लहान असे धूलिकण प्रचंड वेगाने आदळतात, इवलीशी विवरे पाडतात, द्रव्य वितळवतात व शिंपडतात. सौरवात आणि हा वर्षाव मिळून खनिजांतील लोह मोकळे करतात. त्या लोहाचे अतिसूक्ष्म कण दगडाच्या सालीत जमतात आणि त्याचा रंग पालटतो. या एकंदर क्रियेस अवकाशी विदारण असे म्हणता येईल.

मुंबईतील एक शोध

हा इतिहास अशनीत मुळीच टिकत नाही, असे मात्र नाही. काही अशनी हे लघुग्रहाच्या वरच्या मातीचे दाबून घट्ट झालेले गोळे असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल व त्यांचे सहकारी १९६० नंतरच्या दशकात अशा दगडांतील स्फटिकांचा अभ्यास करीत होते. जड विद्युत्‌भारित कण स्फटिकातून गेला, तर त्याच्या मार्गात स्फटिकाची रचना बिघडते. योग्य रसायनात स्फटिक बुडवला असता हा बिघडलेला भाग आधी विरघळतो आणि कणाचा माग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसू लागतो.

लाल आणि राजन यांनी १९६९ साली असे दाखवून दिले की, वायूंनी समृद्ध असलेल्या काही अशनींतील सुटे सुटे स्फटिक मागांनी गच्च भरलेले आहेत, तर त्यांच्या शेजारचे स्फटिक तसे नाहीत. सगळा दगड एकसंध असताना त्यावर मारा झाला असता, तर असा भेद पडला ना. म्हणून हे स्फटिक दगड बनण्यापूर्वी सुटे होते, प्रत्येक जण आपापला काळ उघड्यावर राहिला आणि मागाहून सर्व एकत्र दाबले गेले, हाच निष्कर्ष निघतो. फ्रान्समधील संशोधकही त्याच वर्षी अशाच निष्कर्षास आले. पुढे अपोलो यानांनी आणलेल्या चंद्राच्या मातीचे नमुनेही लाल यांच्या गटास अभ्यासासाठी मिळाले.

लघुग्रहावर सुटी माती असते व ती खालीवर होत असते, ही गोष्ट अशा रीतीने कोणतेही यान तेथे जाण्यापूर्वीच समजली होती. परंतु तो पुराव्याचा जुना, दाबलेला व बेपत्ता तुकडा होता. आजच्या एखाद्या ठराविक लघुग्रहाचा पृष्ठभाग त्यावरून वाचता येत नव्हता.

एक जुने कोडे

या अडचणीतून खगोलशास्त्रात एक मोठे कोडे उभे राहिले होते. दगडावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट पाहून त्यातील खनिजे ओळखता येतात. दुर्बिणीतून पाहता लघुग्रहपट्ट्याच्या आतल्या भागातील बहुसंख्य लघुग्रह ज्या एका प्रकारचे दिसतात, त्यांचा वर्णपट तांबूस व फिका आहे. प्रयोगशाळेत मात्र सामान्य काँड्राइटचा वर्णपट तसा दिसत नाही. म्हणजे पृथ्वीवर सर्वांत अधिक पडणाऱ्या दगडांना आकाशात जनक सापडेना आणि आकाशात सर्वांत अधिक दिसणाऱ्या पिंडांचे दगड पृथ्वीवर सापडेनात.

दोन शक्यता होत्या. एक तर काटोलसारखे दगड एखाद्या क्वचित आढळणाऱ्या पिंडापासून येत असावेत आणि योगायोगाने पृथ्वीवर त्यांचीच गर्दी होत असावी. नाहीतर लघुग्रहांचे बाहेरचे अंग व अंतरंग यांत भेद असावा. दुर्बीण केवळ विदारलेली साल पाहते आणि पृथ्वीवर येताना ती साल जळून गेल्यामुळे प्रयोगशाळेत केवळ आतला दगड पोहोचतो. दुसरी शक्यता पुष्कळांना पटत होती. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. ते मिटविण्यास लघुग्रहाच्या पृष्ठभागावरील न जळलेले कणच हवे होते.

इटोकावावरील धूळ

जपानचे हायाबुसा हे यान ९ मे २००३ रोजी निघाले आणि सप्टेंबर २००५ मध्ये इटोकावा या लघुग्रहाजवळ पोहोचले. इटोकावाची लांबी अवघी ५३५ मीटर आहे. त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक लाखांश असल्याने तेथे उतरून खणणे शक्य नसते. थोडासा जोर लावला तरी यानच मागे फेकले जाईल. म्हणून अशी योजना केली होती की, यानाच्या खाली बसवलेल्या नळीचे तोंड क्षणभर जमिनीस टेकावे, त्याच वेळी आतून एक लहान गोळी जमिनीवर सुटावी आणि उडालेले कण नळीतून वर कुपीत जावेत.

प्रत्यक्षात योजनेप्रमाणे फारसे काही घडले नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये यान दोनदा लघुग्रहास टेकले, पण गोळी सुटली नाही असे मागाहून दिसून आले. त्यानंतर इंधन गळाले, यानाची दिशा सांभाळणारी चाके आधीच बंद पडली होती आणि कित्येक आठवडे यानाशी संपर्कही तुटला. २००७ मध्ये अपेक्षित असलेले आगमन तीन वर्षे लांबले. १३ जून २०१० रोजी यान वातावरणात जळून गेले. परंतु त्याची कुपी हवाई छत्रीच्या साहाय्याने ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे सुखरूप उतरली.

कुपी उघडली तेव्हा ती रिकामीच असल्यासारखी दिसली. आतील भिंती टेफ्लॉनच्या छोट्या पट्टीने खरवडून आणि निघालेली धूळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून इटोकावाचे सुमारे १,५०० कण ओळखण्यात आले. त्यांतील बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान होते. यान टेकले असताना उडालेली धूळच आत शिरली होती.

एवढ्याशा धुळीने कोडे सोडविले. कणांच्या गाभ्यातील खनिजे सामान्य काँड्राइटशी जुळली; आणि त्याच कणांच्या सालीत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ अशा थरात, लोहाचे अतिसूक्ष्म कण आढळले. आत काटोलच्या कुळाचा दगड आणि बाहेर दुर्बिणीला दिसणारी तांबूस साल, ही दोन्ही एकाच कणात एकत्र सापडली. जनक हरवलेले नव्हतेच. त्यांच्यावर केवळ आवरण चढले होते. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कणांनी आणखीही काही सांगितले. त्यांतील खनिजे सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेली होती. अर्ध्या किलोमीटरच्या पिंडात एवढी उष्णता साठू शकत नाही. म्हणून इटोकावा हा किमान २० किलोमीटर व्यासाच्या एखाद्या जनकाच्या फुटलेल्या तुकड्यांचा ढीग असला पाहिजे. विश्वकिरणांनी निर्माण केलेल्या वायूंवरून हे कण पृष्ठभागाजवळ फार तर ८० लाख वर्षे होते असे निघाले. सूर्यमालेच्या वयाशी तुलना करता हा काळ क्षणमात्र होय. अर्थात इटोकावाचा पृष्ठभाग जुना नाही. वरची धूळ सतत अवकाशात निसटते आणि खालची उघडी पडते. दर दहा लाख वर्षांत कित्येक सेंटिमीटरांचा थर याप्रमाणे नाहीसा होतो आणि हीच गती राहिली, तर शंभर कोटी वर्षांच्या आत हा लघुग्रह झिजून संपेल. काही कणांच्या कडा गोलसर झालेल्या आढळल्या. त्यावरून आघातांच्या हादऱ्यांनी धूळ एकमेकांवर घासली जाते, असा तर्क करण्यात आला.

ऱ्युगू: वरची माती आणि खालची माती

यानंतरचा प्रश्न साहजिकच असा होता की, वरच्या मातीची तुलना खालच्या मातीशी केली तर काय दिसेल. हायाबुसा-२ हे यान ३ डिसेंबर २०१४ रोजी निघून जून २०१८ मध्ये ऱ्युगू या सुमारे ९०० मीटर व्यासाच्या, काळ्या, कार्बनयुक्त लघुग्रहाजवळ पोहोचले. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याने वरची माती उचलली. ५ एप्रिल रोजी त्याने सुमारे दोन किलोग्रॅम वजनाचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने लघुग्रहावर मारला आणि दहा मीटरहून अधिक रुंदीचे विवर पाडले. निसर्गाने ढाला व लोणार येथे जे प्रचंड प्रमाणावर केले, तेच येथे लहान प्रमाणावर हेतुपूर्वक करण्यात आले. ११ जुलै रोजी यान या विवराजवळ उतरले आणि आतून उडून पसरलेली माती त्याने वेगळ्या कप्प्यात भरून घेतली.

६ डिसेंबर २०२० रोजी हे नमुने पृथ्वीवर आले. त्यांचे वजन ५.४ ग्रॅम भरले. ऱ्युगूच्या कणांतील खनिजांच्या रचनेत पाणी बांधलेले होते. पण कित्येक कणांच्या अगदी बाहेरच्या सालीतून ते निघून गेलेले होते. सौरवात आणि सूक्ष्म आघात यांनी वरचा थर कोरडा केला होता. दुर्बिणीतून किंवा यानातून पाहता ऱ्युगू जितका कोरडा वाटला, तितका तो आतून नाही. इटोकावाच्या बाबतीत साल रंगाविषयी फसवीत होती. ऱ्युगूच्या बाबतीत ती पाण्याविषयी फसविते.

बेन्नू

अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स या यानाने सुमारे ५०० मीटर व्यासाच्या बेन्नू या लघुग्रहावर २० ऑक्टोबर २०२० रोजी आपला लांब हात टेकविला. हाताच्या टोकास असलेल्या डब्यातून नायट्रोजन वायूचा झोत सोडून खडे व धूळ आत घेण्याची योजना होती. बेन्नूचा पृष्ठभाग पुरेसा टणक असेल ही अपेक्षा खोटी ठरली. हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. जमिनीने जवळजवळ विरोधच केला नाही. मोठे खडे डब्याच्या झडपेत अडकल्याने ती उघडी राहिली आणि काही नमुना बाहेर उडून गेला. तरी पुष्कळ उरला. २४ सप्टेंबर २०२३ रोजी कुपी यूटा येथील वाळवंटात उतरली. डब्याचे ३५ पैकी दोन पेच सुटेनात. त्यासाठी नवी हत्यारे घडवावी लागली आणि जानेवारी २०२४ मध्ये डबा उघडला. एकूण नमुना १२१.६ ग्रॅम भरला.

पृष्ठभाग इतका सैल असणे ही नुसती गंमत नव्हे. असा लघुग्रह पृथ्वीच्या वाटेवर आला आणि त्यास धक्का देऊन वळवावयाचे ठरले, तर भरीव खडकास दिलेला धक्का आणि सैल ढिगाऱ्यास दिलेला धक्का यांचे परिणाम एकसारखे होणार नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत बेन्नूच्या मातीत निरनिराळ्या क्षारांचे थर मिळाल्याचे सांगण्यात आले. ते खारे पाणी आटत जाताना एकामागून एक साचावेत असे होते. म्हणजे बेन्नूच्या जनकात कधी काळी पाणी होते आणि ते हळूहळू आटले. हे क्षार ओलाव्याने विरघळतात. अशनी जमिनीवर पडला की दमट हवेतच त्यांचा नाश होऊ लागतो. म्हणून पडलेल्या दगडांत हा पुरावा क्वचितच टिकला असता. २०२५ च्या मे महिन्यात चीनचे त्यानवेन-२ हे यानही अशाच एका लहान लघुग्रहाकडे नमुने आणण्यासाठी निघाले आहे.

जतन

नमुना आणणे हे अर्धेच काम आहे. तो हवेचा स्पर्श न होऊ देता सांभाळणे हे उरलेले अर्धे. ऱ्युगूचे कण जपानमधील सागामिहारा येथे व बेन्नूचे ह्यूस्टन येथे शुद्ध नायट्रोजन भरलेल्या बंद पेट्यांत ठेवले आहेत. बेन्नूच्या नमुन्याचा किमान ७० टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवण्याचे ठरले आहे. आज नसलेली उपकरणे उद्या निर्माण होतील आणि आज न सुचलेले प्रश्न उद्या विचारले जातील, हे त्यामागील कारण होय. अपोलोच्या काही कुप्या पन्नास वर्षांनी प्रथमच उघडण्यात आल्या, हा अनुभव त्यास आधार आहे.

तथापि अशनींचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. याने आजवर मोजक्याच लघुग्रहांची माती आणू शकली आहेत आणि तीही ग्रॅममध्ये. अशनी अनेक निरनिराळ्या ठिकाणांहून, फुकट, येत असतात. इटोकावाच्या धुळीने काटोलसारख्या दगडांना त्यांचे घराणे मिळवून दिले. आता त्या दगडांवरून, जेथे कोणतेही यान गेले नाही अशा पिंडांचे अंतरंग अधिक विश्वासाने वाचता येते.

अशनी आढळल्यास

बुंदेलखंडातील गाव असो की विदर्भातील शेत, दगड कोठे पडेल याचा नेम नसतो. तो सापडल्यावर पहिल्या काही तासांत काय केले जाते, यावर त्याचे शास्त्रीय मोल पुष्कळ अवलंबून असते. म्हणून काही गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

दगड उघड्या हाताने वारंवार हाताळू नये. स्वच्छ पिशवीत किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. तो धुऊ नये. पाण्याने त्यातील लोह गंजू लागते व विरघळणारे क्षार नाहीसे होतात. त्यास लोहचुंबक लावून पाहू नये; दगडात टिकून राहिलेला पुरातन चुंबकत्वाचा पुरावा एका स्पर्शाने पुसला जातो. तो फोडू नये. काळ्या कवचासह अखंड राहू द्यावा. पडण्याची वेळ, जागा, दिशा व आवाज यांची नोंद करावी आणि जमिनीवरील खड्डा बुजविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. त्यानंतर स्थानिक प्रशासनामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. ही संस्था देशात पडलेल्या अशनींचा संग्रह कोलकाता येथे सांभाळते.

बेन्नूच्या १२१.६ ग्रॅम मातीसाठी एका यानास सात वर्षे प्रवास करावा लागला. अंगणात येऊन पडलेला मूठभर दगड त्याच सूर्यमालेतील असतो. तो स्वच्छ व कोरडा ठेवणे एवढेच काम त्याने पाहणाऱ्यासाठी शिल्लक ठेवलेले असते.